तेरा नंबरचा सेल

मानवतच्या बाजारात भाजीवाली ‘साठ रुपये’ म्हणते आणि समोरच्या आजोबांना ‘आठ रुपये’ ऐकू येतं. मग हुज्जत. आजोबांचं डोकं ठिकाणावर असतं आणि कानही पुरते गेलेले नसतात. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ त्या पट्टीतले; ‘आ’ आणि ‘ओ’ खालच्या पट्टीतले, ते बरीच वर्षं साथ देतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरचे ओरडून बोलू लागतात. ओरडल्यानं ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ होता तिथंच राहतो, आणि वर म्हाताऱ्याला वाटतं, हे आपल्यावर खेकसतात.

यावर जो उपाय आहे त्याला परभणी जिल्ह्यात सगळे ‘कानाची मशीन’ म्हणतात. एक माइक, आवाज वाढवणारी चिप आणि तो कानात सोडणारा चिमुकला स्पीकर, एवढाच तिचा संसार. डिजिटल मशीनची खुबी अशी की ज्या पट्टीत ऐकू कमी येतं, तीच पट्टी वाढवता येते. त्यासाठी आधी शांत खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा श्रवण-आलेख काढावा लागतो. त्यानंतर कानात मऊ लगदा भरून छाप घ्यायची आणि त्यावरून साचा करायचा. एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही. तो सैल बसला की आवाज बाहेर निसटतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारू लागते. पुष्कळ मशिनी या शिट्टीपायीच ट्रंकेत जातात. लहान मुलाचं तर आणखी वेगळं: कान वाढतो, साचा वाढत नाही, म्हणून काही महिन्यांनी नवा करावा लागतो.

आणि मग सेल. कानामागच्या मशिनींना बहुधा १३ किंवा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल लागतो. तेराला नारिंगी स्टिकर, सहाशे पंचाहत्तरला निळा. स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जिवंत होतो. त्यानंतर मशीन बंद ठेवा की चालू, आतली झीज सुरूच राहते. तेरा नंबरचा सेल आठ-पंधरा दिवस टिकतो. म्हणजे एका कानाला वर्षाकाठी तीस-चाळीस सेल. पाथरीला किंवा पालमला मेडिकलवाल्याकडे हा सेल मागून पाहावा. बहुतेक वेळा घड्याळाचा पुढे येतो.

मशीन वाटप शिबिराचं सगळं गणित इथं चुकतं. शिबिरं वाईट नसतात; शिबिर नसतं तर अनेकांनी आयुष्यात मशीन पाहिली नसती. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१पासून आहे, कानपूरच्या अलिम्कोमधून साहित्य येतं, २०१७पासून राष्ट्रीय वयोश्री योजनाही आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र माणसाच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यात चष्मा, काठी, कानाची मशीन, काय हवं ते घ्यावं. पण राज्याच्या योजनेत ‘एकदाच’ हा शब्द आहे आणि कानाचं दुखणं दर पंधरवड्याचं आहे. मशीन दिल्याचा फोटो निघतो. सेल बदलल्याचा निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं विकसनशील देशांसाठीच्या श्रवणयंत्र सेवांची मार्गदर्शक तत्त्वं २००४मध्ये सुधारून काढली. साचा, सेल, दुरुस्ती आणि फेरतपासणी यांना तिथं सेवेचाच भाग मानलंय. संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना ऐकण्याच्या उपचाराची गरज आहे, म्हणजे शंभरात पाचाहून अधिक. तेच प्रमाण २०११च्या जनगणनेतल्या परभणीच्या १८ लाख ३६ हजार लोकसंख्येला लावलं तर आकडा नव्वद हजारांच्या घरात जातो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातला निम्मा खोटा धरला तरी एका-दोन शिबिरांनी सरणारं हे काम नाही.

सरकारी आखणी कागदावर चांगली आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७च्या सुरुवातीला देशातल्या २५ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाला आणि पुढे वाढला. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, ऑडिओमेट्रीचा सहायक आणि कर्णबधिर मुलांचा शिक्षक, अशी त्यातली रचना. यातली बरीच पदं कंत्राटी. ऑडिओलॉजिस्ट व्हायला चार वर्षं लागतात, आणि एवढं शिकलेलं माणूस कंत्राटावर मराठवाड्यात किती दिवस थांबणार? तो गेला की ऑडिओमीटरवर कापड पडतं. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, त्यानं फरक पडावा. नाहीतर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर आहेच, आणि त्यापुढे देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई, जिथं वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे. सोबत येणाऱ्या मुलाला मात्र तिकीट पडतं आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

मुलांच्या बाबतीत हा उशीर परवडत नाही. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे कान महिनाभरात तपासावेत, दोष असला तर तीन महिन्यांत निदान व्हावं आणि सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. कारण भाषा पहिल्या काही वर्षांतच बसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्या काळात पथक आलं तर हजेरीत नाव असतं, मूल कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात असतं.

त्यातून वाहणारे कान. हा गरिबीचा रोग आहे, आणि सर्वांत स्वस्तात आवरणारा. मुलांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा असतो. कापसाची वात करून कान कोरडा ठेवणं आणि वेळेवर औषध, एवढ्यानं बरंच होतं. आपल्याकडे त्या कानात लसूण घालून कढवलेलं तेल पडतं. वाहत्या कानात साचाही बसवता येत नाही, म्हणून मशीनच्या आधी हे काम.

आता पुन्हा सेलकडे. बोत्स्वानात २००२ साली हॉवर्ड वाइनस्टाइन या कॅनेडियन माणसानं सौरऊर्जेवर सेल चार्ज होणाऱ्या मशिनी बनवायचा उद्योग उभा केला. जोडणीचं बारीक काम कर्णबधिर तरुण करत. पुन्हा चार्ज होणारा सेल दोन-तीन वर्षं चालतो. परभणीत उन्हाची काही कमी नाही.

मार्च २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक मोकळी वाट दाखवली: तज्ज्ञ नसतील तिथं प्रशिक्षित साध्या कर्मचाऱ्यांनी मोठ्या माणसांची तपासणी करावी, मशीन बसवावी आणि नंतरची देखभाल पाहावी. माझ्या मते परभणीची गोष्ट इथंच सुटते. आशाताईंकडे गावातल्या मशीनवाल्यांची यादी हवी. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या बाजारवारी कानाची छाप घेणारा एक माणूस हवा. छाप एसटीच्या पार्सलनं साचा बनवणाऱ्याकडे जाऊ शकते, साचा तसाच परत येऊ शकतो. त्यासाठी ऐंशी वर्षांच्या माणसानं दोनदा फलाटावर ताटकळायला नको. राहता राहिला मेडिकलवाला. त्याला भीती असते माल पडून राहण्याची. स्टिकर न काढलेला झिंक-एअर सेल दोन-तीन वर्षं सहज टिकतो, आणि आपल्या तालुक्यात गिऱ्हाइकं किती, हे आशाताईंच्या यादीवरून त्याला आधीच सांगता येईल.