नाव पुसलं, पत्ता राहिला

आमचं गाव वरठी, पण गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव भंडारा रोड. नवखा प्रवासी गोंधळतो. गाडी मात्र जिथे थांबायची तिथेच थांबते. संगणकाचंही असंच असतं, हे मला भाच्यामुळे कळलं.

२००३ साली तो नागपूरला शिकत होता. माझा गझलसंग्रह छापायला जायचा होता, म्हणून त्यानं मात्रा मोजणारा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये लिहिला. फ्लॉपीत मावतात १.४४ एमबी आणि प्रोग्राम भरला दोनच्या वर! "मामू, मी तर चारशेच ओळी लिहिल्या," तो म्हणाला.

मग हे वजन कशाचं? कंपायलर आपल्या ओळींचं यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर त्यांना तयार लायब्ररी जोडतो. ती फाईलमध्येच कोंबली, तर लिनक्सवर 'नमस्कार' एवढंच छापणारा सी भाषेतला प्रोग्रामही आठशे केबीच्या आसपास जातो. यंत्रावर आधीपासून असलेली सामायिक लायब्ररी वापरली, तर सोळा केबीत भागतं. शिवाय १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी खुल्या केलेल्या जीसीसीसारख्या कंपायलरला 'आकार लहान ठेव' असं सांगता येतं. न लागणारी फंक्शनं लिंकर गाळू शकतो. यूपीएक्स फाईल दाबून लहान करतं, पण चालताना ती मेमरीत पुन्हा उलगडते. वर व्हायरसवालेही हीच युक्ती वापरतात, म्हणून अँटिव्हायरस संशय घेतो.

उरतात नावं. कुठलं फंक्शन कुठे, कुठल्या ओळीतून काय तयार झालं, याच्या नोंदी फाईलमध्ये राहू शकतात. त्या चूक शोधणाऱ्या माणसासाठी. यंत्र पत्त्यावर चालतं. 'स्ट्रिप' हे अवजार त्या पुसून टाकतं.

भाच्यानं तेच केलं. फाईल फ्लॉपीत बसली, आम्ही खूश! वरठीत एका शेरावर प्रोग्राम बंद पडला आणि पडद्यावर उरला नुसता आकड्यांचा पत्ता. नावं असलेली प्रत त्यानं ठेवलीच नव्हती. मधल्या काळात मूळ ओळीही बदलल्या होत्या, त्यामुळे नव्यानं बनवलेल्या फाईलशी तो पत्ता जुळेना. अख्ख्या संग्रहाच्या मात्रा मी बोटांवर मोजल्या.

आता तो आधी नोंदी वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवतो, मगच स्ट्रिप चालवतो. तो दोष मात्र वर्षभरानं सापडला. शेरात मी 'दुःख' लिहिलं होतं आणि विसर्गाची सोय त्यानं केलीच नव्हती.