इंधनपंपाची निगा

शहरास भाजीपाला पुरविणारी मालमोटार कधीं कधीं वाटेंतच अडते, ती उच्च दाबाचा इंधनपंप निकामी झाल्यामुळें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत इंधनाचा फवारा आपोआप पेटतो. त्यासाठीं आजचे पंप हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींपर्यंत दाब निर्माण करतात.

पंपाचा दट्ट्या व त्याचें नळकांडें यांमधील फट केसाहूनही कितीतरी बारीक असते, आणि दट्ट्याला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. म्हणून पाण्यानें गंज चढतो, धुळीनें चरे पडतात, पेट्रोल मिसळल्यास वंगण तुटतें, आणि टांकी रिकामी झाल्यास पंप कोरडाच घासतो. घासलेल्या धातूचा कीस पुढें तोट्यांत शिरला, कीं सारी इंधनव्यवस्थाच बदलावी लागते. एकाच गाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याला हा घाव फार जड जातो.

उपाय मात्र साधे आहेत. गाळणी ठरल्या मुदतींत बदलावी. तिच्या तळाशीं सांचलेलें पाणी नियमानें सोडावें. रात्रीं टांकी भरलेली असावी, म्हणजे आंत दंव धरीत नाहीं. चुकून पेट्रोल पडल्यास एंजिन सुरू न करतां टांकी उपसावी. गाळणीवर वांचविलेला पैसा पंपाच्या दुरुस्तींत अनेक पटींनीं द्यावा लागतो.