नाक, रंग आणि सोयरीक

मागच्या व्याख्यानानंतर अलिबागच्या एका तरुण श्रोत्यानं प्रश्न पाठवला. त्याची आजी म्हणायची, शनवार तेली नाकावरून ओळखू येतो. हे खरं का? जनुकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. पण प्रश्नात तर्काचीच एक गाठ आहे, म्हणून आज तो घेऊ.

शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा या भागात घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. मराठी बोलणारे, गावाच्या नावापुढं 'कर' लावणारे यहुदी: किहीमकर, पेणकर, रोहेकर. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला.

आता नाकाचं बघू. नाकाची ठेवण किंवा कातडीचा रंग एखाद्या जनुकावर ठरत नाही, त्यात अनेक जनुकांचा हात असतो. बाहेरच्या सोयरिकी होत राहिल्या की काही पिढ्यांत चेहरा इथल्यासारखा होतो. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं, तेच उगमाबद्दल सगळ्यात कच्ची साक्ष देतं. आजीनं बहुधा नाक पाहिलंच नसेल. आधी आडनाव ऐकलं असेल आणि मग नाक दिसलं असेल!

पक्की साक्ष आत असते. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळं आई, आजी, पणजी अशी सरळ रेषा मागं नेता येते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या बेने इस्रायलांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांची ही रेषा एकाच स्त्रीपाशी पोचली, आणि ती रेषा भारतीय निघाली. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासानं सगळा डीएनए घेतला. त्यात मध्यपूर्वेतल्या यहुदींचा वारसा स्पष्ट दिसला आणि भारतीय वारसाही तितकाच स्पष्ट. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला, मिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची, आणि त्यानंतर सोयरिकी मुख्यतः आपापसात.

हे 'आपापसात' महत्त्वाचं. अलिबाग काही बेट नव्हे, घाण्यावर तेल घ्यायला सगळा गाव यायचा. समाज एकटा पडला तो समुद्रामुळं नव्हे, लग्नाच्या नियमामुळं. वालाच्या पोत्यातून मूठभर दाणे घ्या. त्यात चुकून दोन ठिपक्यांचे आले. तेच पेरलं आणि दर साली त्याच वाफ्यातलं बियाणं राखलं, तर काही वर्षांनी वाफा ठिपक्यांनी भरलेला दिसू शकतो. ठिपके चांगले होते म्हणून नव्हे, मूठ लहान होती म्हणून.

ठिपक्याच्या जागी एखादा सदोष जनुक ठेवा. त्याची एकच प्रत असली तर बहुधा काही जाणवत नाही. नवरा-बायको दोघांकडेही ती असली, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता की मूल दोन्ही प्रती घेऊन येईल. तेलुगू वैश्य समाजातलं उदाहरण डॉक्टरांना ठाऊक असतं: काही जणांत एक विकर कमी असतो, त्यामुळं शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला दिलेल्या औषधाचा अंमल लवकर उतरत नाही, श्वास अडकतो. आणि ही लहान समाजांचीच गोष्ट नाही. २०१७ साली दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले, तर त्यांतल्या ८१ मध्ये या मुठीचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी यहुदींपेक्षाही जास्त आढळला. त्यांतल्या १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. आपल्या जातीतलीच स्थळं पाहणाऱ्या कुणीही, म्हणजे आपण बहुतेकांनी, इथं कान टवकारावेत.

आता ती गाठ. बेने इस्रायलांमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. प्रार्थना सारखी, पण एकमेकांत लग्न नाही. काळे म्हणजे ज्यांच्या वंशात यहुदी बाप आणि इथली, परधर्मी आई आली ते. आणि तपासणी काय सांगते? समाजाच्या मातृरेषा बहुतांशी इथल्याच. म्हणजे काळ्यांवर ठेवलेला ठपका गोऱ्यांच्या पणजीच्या पणजीलाही लागू पडण्याचाच संभव जास्त. रंगाचं नाव दिलं होतं, पण मोजला जात होता तो विसर: कुणाची परकी आई लोकांच्या लक्षात राहिली आणि कुणाची विसरली गेली.

पुढं हीच मोजपट्टी त्यांच्यावरच उलटली. समाज इस्रायलला गेला. तिथं १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत इतर यहुदींशी लग्न करायचं तर आधी आई-आजीचा वंश तपासावा, असा आदेश धर्मपीठानं काढला. अलिबागच्या गोऱ्या-काळ्यांना आता एकाच रांगेत पुरावा द्यायचा होता. त्यांनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केली आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं जाहीर केलं. डीएनएची एकही चाचणी तेव्हा झालेली नव्हती. झाली असती तर निकाल कुणाच्या बाजूनं धरला असता, हा पुढच्या खेपेचा विषय.