डाळमिलचा आवाज आणि शेजारधर्म

यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि तूर या दोन पिकांवर अनेक व्यापारी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. हंगामात जिनिंग आणि डाळमिल रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. गावे वाढली, तशा वेशीबाहेरच्या मिल वस्तीच्या कुशीत आल्या. यंत्राचा आवाज आपल्या सवयीचा झाला, तरी शेजारच्या आजाऱ्याच्या आणि विद्यार्थ्याच्या सवयीचा होत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 व 55, तर औद्योगिक भागात 75 व 70 ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा.

तक्रार आली की आपण प्रथम घरचाच उपाय शोधतो : भिंतीला थर्माकोल किंवा फोम लावतो. येथेच गफलत होते. मऊ, हलका पदार्थ खोलीतील घुमणे कमी करतो. बाहेर जाणारा आवाज अडवायला मात्र वजनदार भिंत लागते आणि तीत फट चालत नाही. भिंतीच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी कितीही जाड भिंतीचा लाभ सुमारे 20 डेसिबलवरच थांबतो. शिवाय साधा फोम आणि थर्माकोल झपाट्याने पेट घेतात. रुई आणि डाळीची भुकटी जिथे उडते, तिथे असे अस्तर म्हणजे संकटाला आमंत्रण. त्याऐवजी बेसाल्टसारख्या खडकापासून बनणारे, न जळणारे रॉकवूल वापरावे.

म्हणून कामाची वाटणी करावी. बेअरिंगला वंगण देणे, सैल पट्टे आणि पत्रे कसणे, यंत्राखाली रबरी पॅड घालणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे, रात्रीची पाळी आवरती घेणे, ही कामे आपली. त्यांना खर्च थोडा, गुण मोठा. परंतु यंत्राभोवती बंदिस्त खोली बांधणे आणि जनरेटरला आवरण घालणे हे जाणकाराचे काम आहे. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात हवेची वाट चुकली तर मोटर जळते. आणि आतून अस्तर नसेल तर आत काम करणाऱ्या मजुराच्या कानांवर आवाज अधिकच आदळतो. जुन्या जनरेटरच्या आवरणाने किमान 25 डेसिबल घट द्यावी, अशी 2002 पासूनची अट आहे. ती मोजूनच सिद्ध होते.

ठेकेदार निवडतानाही व्यापारी दक्षता सोडू नये. आधी शेजाऱ्याच्या हद्दीवर दिवसा आणि रात्री मोजणी करून घ्यावी, किती घट मिळेल हे लेखी घ्यावे, साहित्याच्या अग्निरोधक चाचणीचा दाखला मागावा आणि शेवटचा हप्ता पुन्हा मोजणी झाल्यावरच द्यावा.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे : निष्प्रयोजन हिंसेचा त्याग. मिल चालवणे हे प्रयोजन. पण टाळता येण्याजोगा गोंगाट शेजाऱ्यांच्या माथी मारणे हे प्रयोजन नव्हे. यंत्र लावताना जी जयणा आपण जीवजंतूंसाठी पाळतो, तीच शेजाऱ्याच्या झोपेसाठीही पाळली पाहिजे. घरातील सामायिकाला 48 मिनिटांची शांतता लागते. ती शेजाऱ्यालाही हवी असते.