स्वच्छ दिसते ते शुद्ध असतेच असे नाही



आपल्या इंदूरची कान्ह नदी उज्जैनला क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी स्नानघाटांपासून दूर वळवण्यासाठी मोठी पाइपलाइन टाकावी लागली. असे का, ते आम्ही येथे सांगतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आधी गाळ खाली बसवतात, मग उपयोगी जिवाणू उरलेली घाण खातात. शेवटी पाणी सुमारे अर्धा तास क्लोरीनसोबत ठेवतात. वीज गेली, क्लोरीनचा पंप बंद पडला, किंवा पावसात लोंढा वाढून हा वेळ कमी झाला, तर पाणी नितळ दिसते. पण कावीळ, विषमज्वराचे जंतू जिवंतच नदीत जातात. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतो. भरमसाट टाकला तर मासे मरतात.

स्नानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर मुळीच नसावेत, असे आपल्या देशातील मानक आहे. ही तपासणी प्रयोगशाळेतच होते व निकालास एक-दोन दिवस लागतात. तोवर पाणी पुढे गेलेले असते! म्हणून क्लोरीनवर रोज लक्ष हवे.

२०२८ साली पुन्हा सिंहस्थ आहे. क्षिप्रेत डुबकी घेणाऱ्यांत आपलेही आजी-आजोबा असतील. तेव्हा पालकांनी व विश्वस्त मंडळींनी पाण्याच्या तपासणीचे आकडे जरूर विचारावेत. आणि मुलांनो, नाल्याकाठी खेळू नका!