हरितगृहातील दमटपणा: पडदा केव्हा उघडावा, केव्हा पाडावा



मावळातील हरितगृहांतून फेब्रुवारीच्या मागणीसाठी गुलाब परदेशी जातो. बागेत फूल कसे टवटवीत दिसते! पण खोके उघडेपर्यंत पाकळ्यांवर डाग उमटतात आणि माल नाकारला जातो. हे काम करड्या बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे. तिची लागण बागेतच, दमट रात्री झालेली असते. म्हणून "औषधच लागू पडलं नाही" असे म्हणण्याआधी आतल्या हवेकडे पाहा.

हिशेब सोपा आहे. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅमच. दुपारी 30 अंशांवर हवेत 17 ग्रॅम वाफ असेल, तर आर्द्रता 57 टक्क्यांच्या आसपास भरते. तीच हवा रात्री 20 अंशांवर आली की आर्द्रता 100 टक्क्यांच्या घरात जाते. पाण्याचा थेंबही न घालता! मग पानाफुलांवर दव धरते आणि बुरशी रुजते.

मोजायचे कसे? दोन सारखे तापमापक झाडाच्या उंचीवर, सावलीत, वारा लागेल असे टांगा. एकाच्या फुग्यावर स्वच्छ पाण्यात भिजलेली मलमल गुंडाळा. दोघांतील फरक 2 अंशांपेक्षा कमी भरला, तर आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली असे समजा. गुलाबाला साधारण 60 ते 80 टक्के पुरते.

आता थंडीच्या दिवसांत एवढे करा:

1. ठिबकचे पाणी सकाळी द्या. संध्याकाळी जमीन ओली ठेवू नका.

2. फवारणी सकाळीच करा, म्हणजे दुपारपर्यंत पाने सुकतात.

3. थंडी वाजते म्हणून सूर्यास्ताआधीच सगळे पडदे पाडू नका. दमट हवा आधी बाहेर जाऊ द्या. वरची खिडकी रात्रीही थोडी उघडी ठेवा.

4. सकाळी ऊन चढण्याआधी पडदे हळूहळू उघडा. ऊन पडताच आतली हवा लवकर तापते, पण कळी थंडच असते. बंद घरात तिच्यावर तेव्हाच पाणी धरते.

5. जुनी पाने, वाळकी फुले रोज गोळा करून बाहेर न्या. वाटांत पाणी साचू देऊ नका.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र उलटे. हवा कोरडी पडली की लाल कोळी वाढते. तेव्हा भर दुपारी फॉगर थोडा थोडा वेळ चालवा, पण खिडक्या उघड्या ठेवून. दुपार कलली की फॉगर बंद.

यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, वेळ पाळावी लागते. सकाळ-संध्याकाळ दोन्ही तापमापकांची नोंद वहीत ठेवा. पंधरा दिवसांत तुमचे हरितगृह केव्हा घुसमटते, ते तुम्हालाच कळेल.