कोल्हापुरी वहाण

वार्षिकासाठी वहाणेवर लिहितो आहे म्हटल्यावर मित्र हसले. साहजिकच आहे! डोक्यावरच्या पागोट्याला आपल्याकडे मान. पायताणाचा उल्लेख व्हायचा तो भांडणात. पण मित्रहो, जिच्यावाचून उन्हाळ्यात शेताचा बांध ओलांडता येत नाही, ती वहाण तयार कशी होते?

अस्सल कोल्हापुरी चपलेत एकही खिळा नसतो. म्हशीचे कातडे आधी चुन्यात घालून त्याचे केस काढतात. मग ते पिशवीसारखे शिवून टांगायचे व आत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरायचे. पाणी झिरपते, पुन्हा भरावे लागते. असे कित्येक दिवस चालते. याला कातडे 'कमावणे' म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. पुढे रापीने तळ कापायचा, आरीने भोके पाडायची आणि कातड्याच्याच वादीने शिवायचे. बाजूला कान, वर पट्टा, अंगठा. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुधा घरातल्या बायका घालतात. दुकानदार त्यांचा उल्लेख करीत नाही.

या कातड्याला हात लावणाऱ्याचा गावाने विटाळ मानला. त्याच कातड्याची करकर वाजणारी वहाण घालून पाटील चावडीवर जाई, आणि दलितांना मात्र वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून असेल, पण इतिहासाच्या पुस्तकात मी हे आधी शोधतो.

शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. नाव कोल्हापूरचे असले तरी अथणी, निपाणीकडेही ही चप्पल होते. म्हणूनच २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अशीच चप्पल मांडली, तीही भारताचे नाव न घेता. ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले. बरे झाले. पण कारागिराचे नाव आपण तरी कधी विचारले होते?

आता तरुण मुले आरी धरायला तयार नाहीत, अशी हळहळ ऐकू येते. हळहळणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या मुलाला त्या कामावर बसवतील?

बाजारात रेक्झिनच्या, खिळे ठोकलेल्या चपलाही याच नावाने खपतात. घेताना उलटी करून तळ पाहावा. वादीची शिवण दिसली पाहिजे. नवी असताना ती चावते. तेल पाजावे, आणि पावसाळ्यात घालू नये.